एक नाव, तीन नोंदवह्या : प्रौढ साक्षरतेच्या कामातील समन्वय

आमच्या शाळेत दरवर्षी जून महिन्याच्या अखेरीस पालकसभा भरते. कार्यालयाबाहेरच्या टेबलावर उपस्थितीची वही उघडून ठेवलेली असते आणि तिच्याशेजारी जांभळ्या शाईचा पॅड. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांचे आईवडील एकेक करून पुढे येतात. कोणी सही करतो. कोणी वहीकडे न पाहताच अंगठा पुढे करतो आणि सभा संपेपर्यंत तो पदराला, धोतराला पुसत राहतो. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा किंवा मुलगी त्या क्षणी दुसरीकडे पाहत असते.

शाळेच्या वाटचालीचा आढावा घेणाऱ्या या स्मरणिकेत मुलांच्या यशाविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते लिहिले जावेच. आम्ही मात्र त्या शाईच्या पॅडविषयी लिहिण्याचे ठरविले. मुलांना शिकविताना त्यांच्या घरातील मोठी माणसे निरक्षर राहिली, तर आपले काम अर्धेच झाले, अशी आमची धारणा आहे. गेली काही वर्षे आम्ही काही शिक्षक संध्याकाळच्या साक्षरता वर्गांत काम करीत आहोत. त्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. प्रौढांना शिकविण्यासाठी योजना, पुस्तके आणि माणसे यांची जेवढी उणीव आपण मानतो तेवढी ती नाही. उणीव आहे ती या सर्वांना एका सूत्रात ओवण्याची. त्या सूत्राला आपण समन्वय म्हणतो. तो कसा घडतो आणि कोठे तुटतो, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यापुढील वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर होय. नुसते वाचता येणे पुरेसे नाही आणि नुसती सही तर नाहीच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण ८२.३ टक्के होते. पुरुषांमध्ये ते ८८.४ टक्के आणि स्त्रियांमध्ये ७५.९ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील चार स्त्रियांमागे जवळजवळ एक स्त्री निरक्षर होती. नंदुरबार जिल्ह्यात एकूण प्रमाणच ६४.४ टक्के होते.

हे आकडे आता जुने झाले आहेत. तरीही त्यांतून एक गोष्ट कळते. निरक्षरता सर्वत्र सारखी पसरलेली नाही. ती विशिष्ट वस्त्यांत, विशिष्ट वयोगटांत आणि विशिष्ट व्यवसायांत साचून राहिली आहे. आमच्या भागात ती सर्वाधिक साचली आहे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे बैलगाडीने, ट्रॅक्टरने, ट्रकने कारखान्याच्या परिसरात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे वजन, झालेले खाडे यांचा हिशेब कोणाच्या तरी वहीत असतो. ज्याला ती वही वाचता येत नाही, त्याला हंगामाच्या शेवटी सांगितलेला आकडा मान्य करावा लागतो. साक्षरता ही अशा माणसासाठी शोभेची वस्तू नव्हे. ती त्याच्या घामाच्या मोजमापाशी जोडलेली आहे.

मागील प्रयत्नांनी काय शिकविले?

महाराष्ट्रात प्रौढांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिवसा राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकणाऱ्याने शाळेच्या वेळेला यावे असा हट्ट न धरता शाळेने शिकणाऱ्याच्या वेळेला उघडावे, हा विचार त्या एका निर्णयात होता. प्रौढ शिक्षणाचा पहिला धडा आजही तोच आहे.

पुढे १९३९ साली मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली आणि कामगारवस्त्यांत वर्ग भरू लागले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व काही वर्षांत ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक, शिकलेले तरुण, गावातील पुढारी यांनी मिळून आपल्या गावातील निरक्षरांना शिकवावयाचे आणि गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’ करून ते जाहीर करावयाचे, अशी तिची रीत होती. त्यात गावाचा अभिमान जागा करण्याची शक्ती होती. परंतु समारंभ झाल्यावर नवसाक्षरांच्या हाती वाचायला काय द्यावयाचे, याची व्यवस्था सर्वत्र झाली नाही. ओळखीची झालेली अक्षरे अनेकांच्या बाबतीत पुन्हा अनोळखी झाली.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी निरक्षरांचे उद्दिष्ट ठेवून देशभर केंद्रे उघडण्यात आली. येथे रचना केंद्राभोवती उभी होती. केंद्र, निदेशक, मानधन, अहवाल असा तो क्रम. जेथे निदेशक जिव्हाळ्याचा होता तेथे काम झाले. जेथे नव्हता तेथे केंद्र कागदावर राहिले. गावाला त्या केंद्राविषयी आपलेपणा वाटावा अशी सोय त्यात कमी होती.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान स्थापन झाले आणि विचाराची दिशा बदलली. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात जिल्हा प्रशासन आणि केरळ शास्त्र साहित्य परिषद यांनी एकत्र येऊन घरोघर पाहणी केली, स्वयंसेवकांची फळी उभी केली, कलापथके गावोगाव पाठविली. ४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम हा देशातील पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला. त्या नमुन्यावर देशभर जिल्हा साक्षरता समित्या नोंदविल्या गेल्या. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि सोबत जिल्हा परिषद, शिक्षक, स्वयंसेवी संस्था, कलावंत, पत्रकार अशी त्यांची घडण होती. महाराष्ट्रात वर्धा व सिंधुदुर्ग हे जिल्हे या मोहिमेत आरंभीच्या काळात पुढे होते. त्या काळात सायकलवरून कंदील घेऊन वर्गाला जाणारे स्वयंसेवक आमच्यातील ज्येष्ठांनी पाहिले आहेत.

या टप्प्याचे यश कशात होते? पैशापेक्षा ते एका टेबलाशी सर्वांना बसविण्यात होते. त्याची मर्यादाही तेथेच होती. टेबलाशी बसविणारा अधिकारी बदलून गेला की अनेक ठिकाणी टेबलच उचलले जाई. व्यक्तीच्या उत्साहावर उभा असलेला समन्वय व्यक्तीबरोबर निघून जातो, हा त्या दशकाचा धडा.

८ सप्टेंबर २००९ रोजी ‘साक्षर भारत’ कार्यक्रम आला. स्त्रियांच्या साक्षरतेवर त्याचा भर होता. ग्रामपंचायत पातळीवर लोकशिक्षण केंद्र आणि तेथे दोन प्रेरक अशी योजना होती. २०१८ साली मार्चअखेर हा कार्यक्रम थांबला. प्रेरक आपापल्या घरी गेले, आणि त्यांच्याबरोबर कोणत्या घरातील कोण कोणत्या धड्यापर्यंत आले होते, याची माहितीही गेली. नवीन कार्यक्रम येईपर्यंत मधली वर्षे रिकामी राहिली.

आजची रचना

२०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी केंद्र शासनाने नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर केला. तोच आता ‘उल्लास’ या नावाने ओळखला जातो. १०३७.९० कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात पाच कोटी शिकणाऱ्यांचे उद्दिष्ट आहे. वय १५ वर्षे व त्यापुढे; वरची मर्यादा नाही. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, मूलभूत शिक्षण, व्यावसायिक कौशल्ये आणि निरंतर शिक्षण असे त्याचे पाच घटक आहेत. या वेळी केंद्रही नाही आणि मानधन घेणारा प्रेरकही नाही. गावातील शाळा हा घटक धरून स्वयंसेवकांनी शिकवावे, अशी कल्पना आहे. वर्ष संपताना वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० याप्रमाणे १५० गुणांची चाचणी होते. महाराष्ट्रात पहिली मोठी चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली.

ही झाली शिक्षण विभागाची बाजू. राज्यात शिक्षण संचालनालय (योजना) आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्ह्यात शिक्षणाधिकारी (योजना) आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी ही उतरंड आहे.

परंतु निरक्षर माणूस एकाच विभागाच्या अंगणात राहत नाही. ज्या बचत गटात ती स्त्री दर महिन्याला पैसे भरते, तो गट ‘उमेद’ अभियानाचा असेल तर त्याचा संबंध ग्रामविकास विभागाशी असतो. महिला आर्थिक विकास महामंडळाचा असेल तर महिला व बालविकास विभागाशी. गावातील सार्वजनिक वाचनालय १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार चालते आणि ते उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे येते. वस्तीत येणारा समतादूत बार्टीचा, म्हणजे सामाजिक न्याय विभागाच्या संस्थेचा. १९६७ साली वरळीत पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. त्याच कल्पनेतून पुढे आलेल्या जनशिक्षण संस्था २०१८ पासून केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी शिबिरासाठी येतात, ते वेगळ्याच वाटेने. यांशिवाय विहारातील वर्ग, महिला मंडळ, एखादी स्वयंसेवी संस्था आहेच.

या प्रत्येकाचा हेतू चांगला आहे. प्रत्येकाचा अहवाल मात्र वेगळ्या दिशेने वर जातो. गावात ते एकमेकांना ओळखतातही. पण कामाविषयी एकमेकांशी बोलण्याचे कारण त्यांच्यापैकी कोणाच्याच कागदावर लिहिलेले नसते.

एका नावाची गोष्ट

हे सारे आम्हाला एका पालक मातेमुळे उमगले. तिची मुलगी आमच्या वसतिगृहात आहे. तिचे नाव येथे देत नाही. एका वर्षी आम्ही आमच्या संध्याकाळच्या वर्गाची यादी घेऊन तिच्या वस्तीवर गेलो, तेव्हा बचत गटाच्या ताई म्हणाल्या, “या तर आमच्या वर्गाला येतात.” तेवढ्यात गावच्या शाळेतील गुरुजी म्हणाले, “अहो, त्यांचे नाव आम्ही सर्वेक्षणात भरले आहे.” तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एका वहीत तिचे माहेरचे नाव, दुसरीत सासरचे, तिसरीत आडनावच वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले. त्यामुळे वर पाठविलेल्या आकड्यांत ती एकटीच तीन स्त्रिया झाली होती.

तिला आम्ही विचारले, “बाई, तिन्हीकडे जाता, मग कुठपर्यंत आलात?” ती हसली आणि म्हणाली, “जिथं जाते तिथं पहिल्यापासनंच काढतेत, सर. पयल्या पाच धड्यांचं पाठ झालंय.” प्रत्येक वर्गाचे पुस्तक निराळे, प्रत्येकाची सुरुवात पहिल्या अक्षरापासून आणि प्रत्येक वर्ग दिवाळीआधी, ती फडावर निघताना, तेथेच थांबलेला. तीन वह्यांत शिकत असलेल्या त्या माउलीला आपले पूर्ण नाव लिहिता येत नव्हते.

तिच्याच शेजारच्या खोपटातील दुसऱ्या स्त्रीचे नाव एकाही वहीत नव्हते. सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा ती कारखान्यावर होती. तिची आम्हाला चौकशी करावीशी वाटली, हाही योगायोगच. ती म्हणाली, “मला कोण इचारायला आलंच न्हाई.” तीन वेळा मोजलेली एक आणि एकदाही न मोजलेली दुसरी, या दोघींच्या मध्ये फक्त एक कुडाची भिंत होती.

दोष कोणा एकाचा नव्हता. आमचाही वाटा त्यात होताच. आम्हीसुद्धा गावात आणखी कोण शिकवीत आहे, याची विचारपूस न करता आमची वही उघडली होती.

समन्वय म्हणजे नेमके काय?

त्या दिवसानंतर आम्ही, गावची शाळा, बचत गट, वाचनालय आणि विहाराची समिती असे सर्व जण एकत्र बसलो. त्यातून जे हाती लागले ते पाच गोष्टींत सांगता येईल. यांत नवा पैसा कोणत्याही गोष्टीला लागला नाही.

पहिली गोष्ट, एक यादी. गावातील प्रत्येक निरक्षर व्यक्तीचे नाव एकदाच, एकाच वहीत आणि आधारकार्डावर असेल तसे लिहावयाचे. ही वही ज्याच्याकडे राहील तो तिचा राखणदार, मालक नव्हे. गावच्या शाळेकडे ती ठेवणे आम्हाला योग्य वाटले, कारण शाळा बदलत नाही आणि शासकीय नोंदही तेथूनच होते. यादी करण्याचा काळ मात्र आम्ही बदलला. ऊसतोडीची माणसे गावात असतात तेव्हा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला, ती केली.

दुसरी गोष्ट, एक कालगणना. आमच्या भागात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने वर्षावासाचे असतात. या काळात विहारात रोज ग्रंथवाचन होते आणि माणसे एकत्र येतात. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. हेच तीन महिने ऊसतोड कुटुंबे गावात असण्याचे. त्यामुळे वर्गाचा मुख्य भाग आम्ही याच काळात बसविला. ऐकणाऱ्यांपैकी काही जणींच्या मनात एकदा तरी आपणही पुढे बसून वाचावे, अशी इच्छा होतीच. वर्गाला तिचा आधार मिळाला. दिवसाची वेळ ठरविताना आम्ही चुकलो. आम्ही सात वाजता वर्ग ठेवला आणि आठ दिवस चटया रिकाम्या राहिल्या. सात ही भाकरी थापण्याची वेळ असते, हे आम्हाला बायकांनी सांगितले. पुढे वर्ग साडेआठला भरू लागला.

तिसरी गोष्ट, कामाची वाटणी. ज्याला जे साधते ते त्याने करावे. अक्षरओळख आणि चाचणीची तयारी शाळेने, कारण अध्यापनाचे शास्त्र तिच्याकडे आहे. जागा आणि दिवा विहाराने. बोलावणे आणि हजेरी बचत गटाने, कारण एका स्त्रीने दुसरीला हाक मारली तर ती येते, परिपत्रकाने येत नाही. संख्याज्ञानाचा सरावही गटानेच घेतला. स्वतःच्या पासबुकातील जमा आणि कर्ज यांवर केलेली बेरीज-वजाबाकी पाठ्यपुस्तकातील उदाहरणापेक्षा लवकर उमगते. सर्वांनी एकच पुस्तक वापरावयाचे ठरले. कोणते पुस्तक अधिक चांगले यावर वाद झाला. पण कोणतेही एक पुस्तक शेवटपर्यंत शिकणे हे तीन पुस्तकांचे पहिले पाच धडे शिकण्यापेक्षा बरे, यावर सर्वांचे एकमत झाले.

चौथी गोष्ट, हस्तांतर. स्थलांतर करणाऱ्यांच्या बाबतीत हीच खरी कसोटी आहे. प्रत्येक शिकणाऱ्याला आम्ही एक साधे पुठ्ठ्याचे कार्ड दिले. त्यावर नाव, गाव आणि कोणत्या धड्यापर्यंत पोहोचली याची खूण. कार्ड संस्थेच्या कपाटात न राहता शिकणाऱ्याच्या पिशवीत राहते. टोळीबरोबर जाणाऱ्यांत दहावी-बारावी झालेला एखादा तरुण किंवा तरुणी असतेच. त्यांना पुढचे धडे समजावून दिले, पुस्तके दिली. फडावर दिवसभराच्या कामानंतर रोज अभ्यास होत नाही, हे आम्ही जाणतो. पण आठवड्यातून दोनदा जरी पुस्तक उघडले, तरी पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागत नाही.

येथेच गावाच्या हाती नसलेली गोष्ट समोर येते. मार्चमध्ये चाचणी होते तेव्हा अनेक टोळ्या अजून फडावरच असतात. ज्या जिल्ह्यातून माणसे जातात आणि ज्या जिल्ह्यात ती राबतात, त्या दोन जिल्ह्यांच्या शिक्षण विभागांनी यादी एकमेकांना कळविली, आणि शिकणारी व्यक्ती त्या दिवशी जेथे असेल तेथील जवळच्या शाळेत तिला चाचणी देता आली, तर वर्षभराचे श्रम वाया जाणार नाहीत. गावाचा समन्वय गाव करू शकते. दोन जिल्ह्यांतील समन्वय राज्यानेच करावा लागतो. स्थानिक आणि प्रादेशिक या दोन पातळ्यांची कामे कोठे वेगळी होतात, हे यावरून ध्यानी येईल.

पाचवी गोष्ट, पुढची पायरी. ग्रामशिक्षण मोहिमेचा अनुभव आम्ही वर सांगितला. साक्षरता ही वापराविना टिकत नाही. म्हणून वाचनालयाने मोठ्या टायपातील पुस्तकांची एक पेटी वर्गात आणून ठेवली. बचत गटाच्या सभेचे इतिवृत्त आळीपाळीने नवसाक्षर स्त्रियांनी लिहावे, असे ठरले. पहिले इतिवृत्त चार ओळींचे होते आणि त्यात चुका होत्या; कोणीही ते दुरुस्त केले नाही. ज्यांना पुढे शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी व आठवीची वाट आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, आणि त्याही पलीकडे १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ही वाट आहे एवढे जरी वर्गात वेळेवर सांगितले, तरी अनेकांच्या दृष्टीने ते नवीन असते.

काही सावधगिरीचे बोल

समन्वय या शब्दाचेही एक संकट आहे. त्याच्या नावाने बैठका वाढतात आणि वर्ग कमी होतात. आम्ही महिन्यातून एकच बैठक ठेवली आणि तिचा विषयही एकच: यादीतील कोण या महिन्यात आले नाही व का. बैठकीत संस्थांविषयी न बोलता माणसांविषयी बोलावयाचे, एवढा नियम पाळला तर बैठक लांबत नाही.

दुसरे संकट श्रेयाचे. एखादी स्त्री साक्षर झाली तर ती कोणाच्या अहवालात मोजावयाची? आम्ही ठरविले की प्रत्येकाने आपल्या अहवालात ती लिहावी, पण सोबत इतरांचीही नावे लिहावीत. गावाच्या वहीत मात्र ती एकदाच.

तिसरी गोष्ट शिक्षकांविषयी. २०२३ साली सर्वेक्षणाचे काम आले तेव्हा राज्यातील शिक्षक संघटनांनी अशैक्षणिक कामांच्या ओझ्याविषयी आक्षेप घेतला. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. ते ओझे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच वाटणी महत्त्वाची. सगळे काम एकट्या शाळेच्या माथी मारले तर शाळाही थकेल आणि कामही बुडेल.

आणि शेवटी सन्मान. प्रौढ माणूस अडाणी नसतो. त्याला फक्त लिपी अवगत नसते. उसाची मोळी बांधणारी, बाजाराचा तोंडी हिशेब करणारी, आजारी लेकराला औषध देताना बाटलीचा रंग ध्यानात ठेवणारी स्त्री रोज बुद्धी वापरीत असते. तिच्याशी लहान मुलांच्या पुस्तकातील भाषेत बोलू नये. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन तेथे शिकावयास येऊ लागल्या. त्या शाळेची एवढी चर्चा झाली, ती गावाने आपल्या आजींना लाज न वाटता शिकता यावे अशी जागा दिली म्हणून. उशिरा शिकणे हा अपमान नाही, हे आधी गावाला समजावे लागते. मग आजीला समजावण्याची गरज उरत नाही.

वाचकांकडून अपेक्षा

ही स्मरणिका ज्यांच्या हाती जाईल त्यांत आमचे माजी विद्यार्थी पुष्कळ असतील. कोणी शिक्षक आहे, कोणी ग्रामसेवक, कोणी बँकेत, कोणी साखर कारखान्याच्या कार्यालयात. त्यांच्याकडे आमचे मागणे लहान आहे. आपल्या गावी किंवा नोकरीच्या ठिकाणी प्रौढांना कोण कोण शिकवीत आहे, याची एकदा चौकशी करावी. दोन वह्या दिसल्या तर त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. कारखान्यावर असाल तर आपल्या कार्यक्षेत्रातील टोळ्यांत कोणाच्या पिशवीत असे कार्ड आहे का, ते विचारावे आणि असेल तर एक दिवा व एक तास द्यावा. नवीन संस्था काढण्यापेक्षा हे काम कमी दिखाऊ आहे. पण आज त्याचीच गरज अधिक आहे.

ज्या मातेची गोष्ट वर सांगितली, ती दोन हंगामांनंतर फडावरून परतली ती कार्डावर शेवटच्या धड्याची खूण घेऊन. तिच्या शेजारणीचे नाव आता यादीत आहे. ती अजून निम्म्या पुस्तकावर आहे. सर्वच जणी पुढे गेल्या असे नाही. काहींनी वर्ग सोडला, काहींची नजर अधू झाली आणि चष्म्याची व्यवस्था आम्हाला वेळेत करता आली नाही. ते काम शिल्लक आहे.

गेल्या पालकसभेत ती माता टेबलापाशी आली. सवयीने तिचा अंगठा पॅडकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने पेन मागितले. नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. मागे रांग खोळंबली होती, पण कोणी घाई केली नाही. तिची मुलगी या वेळी दुसरीकडे पाहत नव्हती. ती वहीवर वाकून आईच्या हाताकडे पाहत होती. शाईचा पॅड अजून टेबलावरून हललेला नाही. तो कपाटात ठेवण्याचा दिवस यावा, यासाठी जे जे हात एकत्र येतील, त्यांची आम्ही वाट पाहत आहोत.